बागवानबाईंची जून भेंडी

मंडईत भेंडी घेताना तुम्हीआम्ही शेंडा मोडून बघतो. कटकन मोडला तर कोवळी, मग घ्यायची. बागवानबाईही शेंडा मोडून बघायच्या, पण मोडला की ती भेंडी परत टोपलीत टाकायच्या आणि न मोडणारी, अंगठ्याएवढी जाड भेंडी पिशवीत भरायच्या. भाजीवाला नवीन असला तर भलेपणानं सांगायचा, "बाई, जून आहे ती, शिजायची नाही."

"शिजवायची कुणाला आहे?" म्हणून बाई पुढच्या टोपलीकडे वळायच्या.

भेंडी असायची चित्रांसाठी. खडकीला आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत बाईंची बालवाडी होती. यजमान फॅक्टरीत होते, ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. माहेरचा धंदा मंडईत फळांचा, त्यामुळे बोलणं रोखठोक. त्यांच्या बालवाडीत ब्रशला बंदी होती. कारण विचारलं की म्हणायच्या, "अहो, मूल आणि रंग यांच्यामध्ये दलाल कशाला?"

मग दलालावाचून जे चाले ते बघण्यासारखं असायचं. मैद्याच्या खळीत बीट, हळद, पालक कालवून परातीत ओतलेलं. पोरं त्यात कोपरं बुडवायची, टाचा बुडवायची, पपईच्या देठाच्या नळीनं रंग फुंकायची. देठाकडून कापलेली भेंडी रंगात बुडवून कागदावर दाबली की फूल उमटायचं. ती धरायचीही रीत ठरलेली: नमस्कार करतो तशी, दोन्ही तळहातांत. "बागवानांची पद्धत आहे," बाई सांगायच्या. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंचा मुलगा घरी लाडूही तसाच धरू लागला, तेव्हा त्यांनी येऊन तक्रार केली. बाई म्हणाल्या, "सांडत तर नाही ना? मग झालं."

दुपारी बालवाडी सुटली की आया बादल्या घेऊन दारात उभ्या राहायच्या. धुतल्याशिवाय कोण कुणाचं ते कळायचं नाही. कपड्यांबद्दल कुणी कुरकुरलं की बाईंचं उत्तर तयार, "पुसलं की जातं." हळदीचा डाग पुसून जातो असं मानणारी ती पुण्यातली एकमेव बाई असावी. एका गृहस्थांनी खोचकपणे ब्रशचा डबा भेट आणला. बाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "छान आहेत. तुमच्या खिडक्यांना रंग द्यायचा राहिलाय, त्याला होतील." ते गृहस्थ आणि आणखी काही जण आपली मुलं काढून पलीकडच्या शाळेत घेऊन गेले. तिथं मुलं इस्त्रीसकट परत यायची. बाईंची एक खोली रिकामी पडली, पण ब्रश काही आला नाही. हट्टी बाई, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, पण मनातल्या मनात त्यांना हात जोडून.

कारण माझी मीनल त्यांच्याकडे होती. तिच्या हातांची बोटं जन्मापासून मिटत नाहीत. आधीच्या एका शाळेनं तिला आठवड्यात परत पाठवली होती, पेन्सिल धरत नाही म्हणून. कुठल्यातरी बालवाडीत एका कोपऱ्यात बसून ही इतरांचे हात बघत राहील, या विचारानं माझा जीव अर्धा व्हायचा. बागवानबाईंकडे गेले तीसुद्धा चाचरतच. म्हटलं, "बाई, हिला काही धरता येत नाही."

बाईंनी तिचे हात आपल्या हातांत घेऊन बघितले. "इथं धरायचं काय असतं?" म्हणाल्या. "उद्यापासून पाठवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात गेले, तर कोपरापर्यंत हिरवी-पिवळी झालेली पोरं अंगणात दंगा करत होती. सगळ्यांची बोटं खळीनं लडबडून ताठ झालेली. त्यात माझी कुठली ते मला ओळखू येईना. मी बादली खाली ठेवली आणि तिथंच रडले. इतक्या आनंदानं मी त्या आधी रडले नव्हते.

पुढं मीनल शिकली, नोकरीला लागली. बाई थकल्या. वाघोलीला राहणारा पुतण्या त्यांना न्यायला येणार होता, म्हणून आवराआवरीला आम्ही मायलेकी गेलो. मीनल बाहेरच्या खोलीत पुस्तकं बांधत होती. मी आत स्टुलावर चढून माळा रिकामा करत होते, तर कोपऱ्यात एक डबा लागला. उघडला, तर आत ब्रश. बरेच वापरलेले, नीट धुऊन ठेवलेले.

"बाई, हे कुणाचे?"

"शाळेचे. आधी असायचे." बाई चादरीची घडी घालत होत्या.

"मग बंद कधी केलेत?"

"तुम्ही मीनलचं विचारून गेलात, आणि मी त्याच स्टुलावर चढले."

मी डबा घेऊन खाली उतरले. "आणि तो दलाल? ती बागवानांची पद्धत?"

"लोकांना काहीतरी सांगायला नको?"

"अहो, पण मुलं गेली तुमची. एवढं सगळं माझ्या मीनलसाठी..." माझा आवाज चढला होता.

बाईंनी चटकन दाराकडे बघितलं आणि घडी टाकून माझ्या हातातला डबा काढून घेतला.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "ती बाहेर आहे. तिला वाटतंय, सगळी मुलं तशीच रंगवतात."