आदर्श वायू, मुक्काम सिहोरा

आमच्या सिहोऱ्यातले कापगते सर 'कसे आहात' असं कधीच विचारत नाहीत. विचारतात, "दाब स्थिर का आकारमान स्थिर?"

ज्युनिअर कॉलेजात त्यांनी आयुष्यभर वायूंची उष्माधारकता शिकवली. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, पण वायू सुटला नाही. तुम्ही हसा, सर हसत नाहीत.

त्यांचं म्हणणं सोपं आहे. बंद डब्यातला वायू थोड्या उष्णतेनंही लगेच तापतो. त्याला पसरायला जागा दिली, तर तेवढंच तापायला जास्त उष्णता लागते, कारण काही पसरण्यातच खर्च होते. हा नियम सर गावाला लावतात. धानाच्या बांधीवरून दोन भाऊ भांडले, की थोरल्याला बाजूला घेतात. "त्याले अंगणात बोंबलू दे. घरात कोंडशीन तं लवकर तापन."

एकदा बपेऱ्याच्या एक बाई 'गॅसवाले सर' अशी कीर्ती ऐकून पोट धरून आल्या.

"सर, जेवलं का वायू होते."

"आदर्श का वास्तव?"

बाई विचारात पडल्या. "आवाज येते," म्हणाल्या.

सरांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, आतून ओवा आणून दिला. "याईच्या नादी लागू नका बाई. याईचा वायू फळ्यावरचा आहे."

स्वतःला सर आदर्श वायू म्हणवत. त्याचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत. "आपलं तसंच. कोणाची ओढ नाही. कोण्याही भांड्यात भरा."

"आधी ते भांडे घासा," वहिनी म्हणत.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. सर रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओसरीवर विद्यार्थ्यांना शिकवत बसले. मुलगी वैशाली नागपूरला परतली ती बापाशी बोलणं तोडूनच.

वर्षश्राद्धाला आली. आचाऱ्यानं अंगणात रांधलं, पंगती उठल्या, पाहुणे गेले. तिनं ना स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं, ना बापाशी शब्द काढला. मी शेजारचा, म्हणून मागे राहून ओसरीवर सुपारी कातरत होतो. ही अशीच गेली तर पुन्हा येणार नाही, हे मला दिसत होतं.

शेवटी तीच म्हणाली, "तुमचं बरं आहे बाबा. आदर्श वायू. तुमाले तं काहीच नाही झालं."

सर जमिनीकडे पाहत होते. "आदर्श वायू पुस्तकातच राहते, बाई. खरे रेणू एकमेकाले धरून राहतात. त्याईले वेगळं करण्यातच उष्णता खपते. तापमान वाढलेलं दिसत नाही. म्हणून आच लागलीच नाही, असं नसते."

"मंग तिसऱ्या दिवशी शिकवत काहून बसले?"

"घरात बसलो असतो तं फुटलो असतो."

सुपारी माझ्या हातातच राहिली.

"सकाळपासून जेवले नाही तुमी," वैशाली म्हणाली आणि उठून आत गेली. भांडं वाजलं, पाणी ओतल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "बाबा, मीठ कुठी ठेवता?"

"तुह्या मायनं ठेवलं तिथंच."

मीठ लगेच सापडलं असणार. पण बाहेर यायला तिला फार वेळ लागला.