सासूबाई, सीट आणि तीन हात पॉलिश

"माझ्या गाडीत माशीने बसायचं असेल तर पाय पुसून बसावं!" असं कायोंदोने सगळ्या आळीला ऐकवून ठेवलं होतं. गाडी जपानात कुणीतरी आठ वर्षं पिदडलेली होती, पण कंपालाजवळच्या क्येंगेरात आल्या दिवसापासून ती नवीच! काळ्या चामडी सीटांवर त्याने नवंकोरं प्लास्टिक चढवलं होतं. मागचे सीटबेल्टसुद्धा सीटमागे कोंबले होते, का, तर त्यांच्या लोखंडी टोकाने चामड्यावर ओरखडा उठतो! बायकोने, म्हणजे नाबुकीराने, एकदा गाडीत भाजलेलं कणीस तोंडाला लावलं, तर या गृहस्थाने कणीस संपेपर्यंत तिला रस्त्यावर उभं केलं.

आणि अशात धाकट्या मेहुणीचं लग्न निघालं. गावाहून निरोप आला, की नवरीची आई चर्चला जाईल ती कायोंदोच्याच गाडीतून! सासरी आजवर त्याला 'तो पायी येणारा' म्हणत. त्याची छाती फुगली.

"प्लास्टिक काढा," नाबुकीरा म्हणाली. "माझी आई काय बाजारातलं मटण आहे, पिशवीत घालून न्यायला?"

"आणि त्यांच्या केसांचं तेल सीटला लागलं म्हणजे?"

"अहो!"

प्लास्टिक निघालं. कायोंदो तणतणत रस्त्याकडेच्या पॉलिशवाल्याकडे गेला.

"हे बघा साहेब, टायरला लावा, डॅशबोर्डला लावा. पाण्याचा थेंब टिकायचा नाही!"

थेंब टिकत नाही तिथे डाग काय टिकणार! कायोंदोने डॅशबोर्डला लावलं, दारांना लावलं, स्टिअरिंगला लावलं आणि सीटांना तर तीन हात दिले. सीटमध्ये स्वतःचं तोंड दिसायला लागलं तेव्हाच थांबला. थेंब टिकत नाही तिथे सासूबाई कशा टिकतील, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

आता बागांडा लोकांत जावई आणि सासू म्हणजे आग आणि रॉकेल! एकमेकांना शिवायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, थेट बोलायचं नाही. शिवाशिव झाली तर जावयाच्या अंगात कायमचं कापरं भरतं म्हणतात. म्हणून कायोंदोने गाडीतला आरसा छताकडे वळवला होता. शेजारी निरोप पोचवायला नाबुकीरा. मागे सासूबाई, साटीनचा जांभळा गोमेसी झगा घालून, डोक्यावरून ओढणी तोंडावर घेऊन. त्यांच्या बाजूला नाबुकीराची आत्या, कुटुंबाची सगळी न्यायनिवाड्याची कामं करणारी.

पहिल्याच वळणावर सासूबाई सुळकन आत्याच्या अंगावर गेल्या.

"आई म्हणते, सीट सरकतेय."

"आईंना सांग, सीट जागेवरच आहे!"

दुसऱ्या वळणावर आत्या आणि सासूबाई, दोघी मिळून दुसऱ्या दाराला टेकल्या.

"जावईबापू, आम्ही लग्नाला निघालोय की घसरगुंडीला?" आत्या ओरडली. "धरायचं कुठे? दारसुद्धा हातातून निसटतंय!"

"आत्याबाई, दाराला बोटं उमटतील!"

एवढ्यात एक बोडा-बोडावाला, मोटरसायकलवर केळ्यांचा घड आणि दोन गिऱ्हाइकं घेऊन, आडवा घुसला. कायोंदोने कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली. सासूबाई थांबल्या नाहीत! साटीन आणि पॉलिश यांची गाठ पडली आणि बाई दोन पुढच्या सीटांमधून सरळ पुढे आल्या. जीव वाचवायला जे हाताला लागलं ते त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळलं. ती कायोंदोची मान होती. सासूबाईंचा गाल जावयाच्या कानाला!

आत्याने असा टाहो फोडला की बोडावालाही थांबला.

मग रस्त्याच्या या कडेला सासूबाई पाठमोऱ्या, त्या कडेला कायोंदो पाठमोरा, आणि मधे नाबुकीरा.

"तुझ्या आईला सांग, चूक त्या केळीवाल्याची आहे!"

"आई म्हणते, केळीवाल्याने सीटला लोणी लावलं नव्हतं!"

"लोणी? ते पॉलिश आहे! महागाचं!" रागाने त्याचे हात थरथरायला लागले.

"बघा! बघा, कापरं सुरू झालं!" आत्या किंचाळली.

"हा राग आहे, आत्याबाई!"

"सगळे असंच म्हणतात!"

शेवटी केळीवाल्याने घड उतरवला, गिऱ्हाइकं उतरवली आणि नवरीची आई त्याच्या मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून, मागे आत्याला घेऊन, चर्चला पोचली. पाठोपाठ कायोंदोची रिकामी गाडी, उन्हात लखलखत! सगळ्या वऱ्हाडाने पाहिलं. कायोंदोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्न लागलं आणि आत्याने निकाल दिला. जावयाने सासूला झाडाच्या सालीचं कापड द्यायचं, तेव्हाच दोष फिटेल. तोवर नाबुकीरा माहेरी.

"सालीचं कापड? त्यात प्रेतं गुंडाळतात!"

"आणि राजे काय नेसतात? आणता की राहता एकटे?"

चार दिवस स्वतःच्या हातचा करपलेला कच्च्या केळ्यांचा मटोके खाल्ल्यावर कायोंदोने कापड नेऊन दिलं. चांगलं जाड, तपकिरी, खरखरीत. नाबुकीरा आतून निरोप घेऊन आली.

"आईने माफ केलं. दर रविवारी तुमच्याच गाडीतून चर्चला येईन म्हणते."

कायोंदोचे डोळे भरून आले. "खरंच?"

"हो. पण हे कापड सीटवर अंथरायचं. यावरून कुणी घसरत नाही."

"अगं, पण माझी सीट! चकाकी! आणि लोक काय म्हणतील?"

"आत्याला विचारू?"

कापड अंथरलं गेलं. पहिल्या रविवारी टॅक्सीच्या थांब्यावरच्या पोरांनी गाडी बघून टोप्या काढल्या. बोडावाले बाजूला झाले. कायोंदो दात-ओठ खात गाडी हाकत होता. चौकातल्या पोलिसाने थांबवून आत डोकावलं. मागे नाबुकीराच्या शेजारी तपकिरी कापडावर म्हातारी, तोंडावर ओढणी, हूं नाही की चूं नाही.

"कोण गेलं हो?" त्याने हळूच विचारलं.

"कुणी गेलेलं नाही!" कायोंदो उसळला. "माझ्या सासूबाई आहेत! चर्चला नेतोय!"

पोलिसाने टोपी काढून छातीशी धरली. "समजलो मी. होतं असं माणसाचं दुःखात. सावकाश न्या त्यांना."

"ऐकलं का?" ओढणीआडून सासूबाई नाबुकीराला म्हणाल्या. "त्याला सांग, सरकारी माणूस सांगतोय, सावकाश ने!"

दचकून पोलिसाच्या हातून धुळीने माखलेली टोपी सुटली ती थेट खिडकीतून आत, पुढच्या रिकाम्या सीटवर. त्या सीटवर कापड नव्हतं. ती सुळकन घसरून कायोंदोच्या पायाशी गेली, आणि सीटवर, तीन हात पॉलिशवर, लाल मातीचा एक लांबच लांब पट्टा उमटला.