बांधीत बसलेली मिल्ट्री

"रस्ता लागते तो मानसाले! या गाडीले रस्त्याचं काय काम?"

असं गुणवंतराव ठेकेदार दिवसातून एकदा तरी म्हणत. ऐकायला कोणी नसलं, तर बायकोला, मनकर्णाबाईंना म्हणत. गाडी म्हणजे लढाई संपल्यावर कामठीच्या लिलावात घेतलेला लष्कराचा ट्रक. सगळा मुलूख त्याला 'मिल्ट्री' म्हणे. बाकीच्या ट्रकांची मागची दोनच चाकं ओढतात, याची चारही ओढत. त्यासाठी गिअरच्या शेजारी एक वेगळा दांडा होता. पाहुण्यांना देव्हारा दाखवावा, तसा गुणवंतराव तो दांडा दाखवत. ब्रह्मदेशच्या जंगलात या ट्रकाने काय काय पराक्रम केले, तेही सांगत. हे त्यांना कोणी सांगितलं, ते विचारायची मात्र सोय नव्हती!

दिवाळी आटोपली आणि मंडयांचे दिवस आले. धानाच्या त्या मुलखात मंडई म्हणजे गावची जत्रा, आणि रात्रभर दंडार, म्हणजे सोंगं घेऊन केलेलं नाटक, नाचल्या-गायल्याशिवाय ती मंडई झाली असं कोणी मानत नाही. गुणवंतरावांची लेक कमळा गेल्याच वर्षी आवळझरीच्या डोमाजींकडे दिली होती. डोमाजी व्याही म्हणून वाईट नव्हते, पण त्यांची जीभ वरणात बुडवली असती तर वरण तिखट झालं असतं. उठता-बसता ते सुनेला ऐकवत, "तुहा बाप बोलते भल्लं, करत काई नाई!"

शेवटी कमळाने निरोप धाडला. "बाबा, औंदा आमच्या मंडईले दंडार तुमी आनजा. दिवे लागाच्या आत आनजा. नाई तं मले वर्षभर ऐकावं लागन."

निरोप ऐकून गुणवंतराव लगेच कामाला लागले. लेकीसाठी त्यांनी मुलखातली सगळ्यात गाजलेली दंडारीची मंडळी गाठली. ही मंडळी दरवर्षी कुसुमटोल्याच्या मंडईला जायची, आणि कुसुमटोल्याची मंडईही त्याच दिवशी होती. पण मिल्ट्रीत बसायला मिळणार म्हटल्यावर राजा, राणी, प्रधान सगळेच्या सगळे फितूर झाले!

मंडईच्या दिवशी दुपारी मिल्ट्री निघाली. दसरू ड्रायव्हर, शेजारी गुणवंतराव आणि मागे सगळा दरबार. वेळ वाचावा म्हणून मंडळी घरूनच सजून आली होती. राणी म्हणजे इसरू. मिशी काढून, लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन तो ढोलकीवर टेकून बसला होता.

कुसुमटोल्यापाशी रस्ता मोठा वळसा घेतो. आवळझरी समोर दिसत होती आणि मध्ये नुसत्या धानाच्या बांध्या, चहूबाजूंनी बांध घातलेली शेतं. लवकर पिकणारा हलका धान कापून झालेला, जमीन वरून वाळून पांढरी पडलेली.

"टाक बांधीत!" गुणवंतराव म्हणाले.

"भाऊ, खाली वलं असन," दसरू म्हणाला.

"मंग दांडा कायले देल्ला बे?"

दांडा ओढला. पहिला बांध ओलांडला, मागून टाळ्या! दुसरा ओलांडला, ढोलकीवर थाप! तिसरा ओलांडला आणि मिल्ट्रीने बसकण मारली. दसरूने जोर दिला. गुणवंतराव सांगत ते अगदी खरं निघालं. चारही चाकं काम करत होती. चारही एकसारखी खाली जात होती!

एवढ्यात कुसुमटोल्याचे सोमाजी पाटील काठी टेकत आले. मागे सगळं गाव.

"राम राम, ठेकेदार! गाडी बसली वाटते?"

"बसली नाई, जराशी अडली. एक धक्का पाहिजे."

"हे का सांगाची गोष्ट हाये? लागा रे पोट्टेहो!"

गाव तुटून पडलं. "लाव जोर! हो!" आरोळ्या अशा की झाडावरचे बगळे उडाले. मिल्ट्री मात्र जागची हलेना. गुणवंतरावांनी डोकं बाहेर काढून पाहिलं, तर अर्धं गाव मागून पुढे ढकलत होतं आणि अर्धं गाव पुढून मागे!

"अरे, तुमी काय करून राह्यले तिकडे?"

"तोल सांभाळून राह्यलो, भाऊ!"

राणीला राहवेना. इसरू पदर खोचून खाली उतरला आणि चाकाला खांदा लावायला निघाला. ते पाहून रुखमाबाई नावाची म्हातारी कळवळली.

"पाप लागन रे तुमाले! नवी नवरी गाडी ढकलन काय? चाल माय, च्या पी."

इसरूने भानगडीत न पडता चहा पसंत केला. म्हातारी त्याला हाताला धरून घेऊन गेली. राणी गेल्यावर राजा गेला, राजामागे प्रधान गेला, प्रधानामागे ढोलकी गेली. थोड्या वेळाने गावातून भज्यांचा वास यायला लागला.

गुणवंतराव तावातावाने खाली उतरले आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले.

"दसरू, मंघाशी इथी पानी होतं काय बे?"

"नाई, भाऊ."

पाणी बांधाच्या फटीतून खळखळत येत होतं. त्यांनी नजरेनेच त्याचा माग काढला. नजर गावच्या बोडीवर जाऊन थांबली. तळ्याचं तोंड सताड उघडं!

"सोमाजी, हे पानी कोनं सोडलं?"

"मीनं," सोमाजी शांतपणे म्हणाले. "लाखोरी पेराची हाये. बांधी भिजवून राह्यलो."

"आजच?"

"मुहूर्त आजचाच निंघाला." मग तंबाखू मळता मळता त्यांनी हळूच पुस्ती जोडली, "तुमी आमची दंडार पळवली, ठेकेदार. आमी तं फक्त पानी सोडलं!"

गुणवंतरावांनी आवळझरीकडे पाहिलं. दिवस कलला होता. तिकडे कमळा दारात उभी राहून वाट पाहत असेल, आणि डोमाजी जीभ परजत असतील.

डोमाजी वाट पाहत नव्हतेच. मिल्ट्री पोचली नाही, पण मिल्ट्रीची बातमी आवळझरीला केव्हाच पोचली होती! घुंगरं वाजवत त्यांचा छकडा येताना दिसला. पुढे डोमाजी कासरा धरून, मागे डोक्यावर पदर घेतलेली कमळा, आणि त्यामागे पायी अर्धी आवळझरी.

"ओ इवाई!" डोमाजी लांबूनच ओरडले. "चारही चाकं कुठी गेले?"

गुणवंतरावांना वाटलं, जमिनीने आपल्याला गिळावं. पण जमीन ट्रक गिळण्यात गुंतली होती.

छकडा बांधापाशी क्षणभर थांबला. कमळा पुढे वाकून सासऱ्याला काहीतरी म्हणाली. तसा डोमाजींनी कासरा ओढला, छकडा रुबाबात बांधीत उतरला आणि मिल्ट्रीच्या शेजारीच आसापर्यंत रुतला! बैल गुडघाभर चिखलात. डोमाजी मात्र थांबले नाहीत. ते बैलांच्या डोक्यावरून पुढे गेले आणि मांडी घालून चिखलात बसले.

कुसुमटोला खदखदून हसला. आवळझरी आधी तोंड दाबून आणि मग मोकळेपणाने हसली. गुणवंतराव धावत गेले, व्याह्याला हात दिला आणि त्यांच्याशेजारीच फतकल मारून बसले.

"इवाई," मिशीतला चिखल पुसत डोमाजी म्हणाले, "ही बांधीच खराब हाये."

"मी कवापासून तेच म्हनून राह्यलो!"

दिवे लागले ते कुसुमटोल्यात. दोन्ही गावांनी मांडीला मांडी लावून दंडार पाहायची ठरवली. दोन्ही व्याही सोमाजींची कोरडी धोतरं नेसून पुढच्या सतरंजीवर गुपचूप बसले. संधी साधून गुणवंतरावांनी लेकीला बाजूला घेतलं.

"कमळे, माही गाडी फसली तुले दिसत नोहती काय? मामाजीले सांगाचं नाई?"

"सांगतलं नं, बाबा," कमळा पदराआड हसली. "म्हनलं, मामाजी, इकडूनच घ्या, इथीची जमीन टनक हाये. आता वर्षभर कोन मले काई म्हनते, पाहतोच मी!"

घरी परतल्यावर गुणवंतरावांनी मनकर्णाबाईंना सगळी हकीकत सांगितली आणि छाती फुगवून म्हणाले, "पोरगी डोक्यानं माह्यावर गेली!"

"तुमच्यावर?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमच्यावर गेली असती तं सासऱ्याच्या आंधी सोताच फसली असती!"