लाल पट्ट्याची स्ट्रॉ

प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी म्हणून तिला सगळे ताई म्हणत. तिचा प्रबंध आता छपाईला जायचा होता. कोबाल्टच्या एका जांभळ्या स्फटिकापायी तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यात अणूंच्या त्रिकोणांच्या साखळ्या होत्या. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक, आणि शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसायचा त्याचा हट्ट. दोघांचं जमलं की तिसऱ्याची पंचाईत. कितीही गारठवा, साखळीचं एकमत होत नाही, हा तिचा निष्कर्ष. एक मोजमाप तेवढं राहिलं होतं.

मोजताना स्फटिक प्लास्टिकच्या स्ट्रॉमध्ये बसवून यंत्रात सोडतात. भांडारात स्ट्रॉ कधीच्याच संपल्या होत्या.

"मागणीपत्र वर गेलंय," भांडारपाल म्हणाले. "ज्यूसवाल्याकडून आणा. सगळे तेच करतात."

ताईने आणली. लाल पट्ट्याची.

पडद्यावर आलेख आला तो ताठ उभा! सगळे चुंबक गुमान एका दिशेला वळलेले.

तिचे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठलेच. "अगं, हा तर शोध आहे!"

"सर, माझा प्रबंध याच्या उलट सांगतो."

"मग चौथं प्रकरण काढून टाक. पाचवंही."

"आणि सहावं?"

"त्यात काय आहे?"

"चौथ्या-पाचव्याचा निष्कर्ष."

"मग तेही."

सरांनी लगेच संचालकांना फोन लावला. संचालकांनी लगोलग दुसऱ्या दिवशी व्याख्यान ठेवलं.

घरी नवऱ्याने विचारलं, "संपलं का गं?"

"संपलं होतं," ताई म्हणाली आणि चपलांसकट आडवी झाली.

सकाळी काहीच सुचेना म्हणून तिने नुसती रिकामी स्ट्रॉ यंत्रात सोडली. तोच आलेख, तसाच ताठ. पट्ट्याच्या लाल शाईत लोह होतं.

तिने सरांना सभागृहाच्या दारातच गाठलं. "सर, चुंबक स्ट्रॉ आहे. स्फटिकाचा काही संबंध नाही."

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "नक्की?"

"रिकामी मोजली, सर."

सर व्यासपीठावर चढले आणि आहे ते सांगून मोकळे झाले. आता हसतील म्हणून ताईने मान खाली घातली. कोणीच हसलं नाही. मागून एक चाचरता आवाज आला, "लाल पट्ट्याची म्हणालात?"

मग एकेक प्राध्यापक फोन आल्यासारखं करत दाराकडे सरकू लागला. पाठोपाठ संचालकही.

राहिलेलं मोजमाप उरकायला ताई यंत्राच्या खोलीशी पोचली, तर बाहेर ही रांग! प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामी स्ट्रॉ.

सगळ्यांत पुढे उभे असलेले संचालक तिच्याकडे न बघताच म्हणाले, "रांगेतून या, ताई."