शून्य ते शंभरवाले बाबाराव

आमच्या शेजारचे बाबाराव जगातली कोणतीही गोष्ट 'शून्य ते शंभर'मध्ये मोजतात. उभी गाडी ताशी शंभरच्या वेगाला पोचायला किती सेकंद घेते, ते हे माप. गाड्यांपुरतं असतं तर ठीक होतं, पण त्यातून माझा कुकरही सुटला नाही. 'शिट्टीला अकरा मिनिटं? लई ढिलं इंजिन हाय, वहिनी.' त्यांच्या बायकोचा, सुमनचा राग? 'साडेतीन सेकंद. परदेशी गाडीला जमत न्हाई.' त्यावर सुमन आतून ओरडायची, 'अन् तुमचं शहाणपण? ते अजून शून्यावरच हाय!'

अर्धापुरात केळीची बाग असलेला माणूस केळीबद्दल बोलतो. बाबाराव नाही बोलत. बागेत घड भरायला ट्रक आला की हे ट्रकच्या तोंडाला कान लावून उभे. 'तिसऱ्या शिलिंडरला खोकला हाय,' असं सांगून ड्रायव्हरला घाबरवून सोडायचे. घड कच्चे गेले का पिकले, ते सुमननं बघायचं.

मोबाईलवर बघून बघून साऱ्या जगाच्या वेगवान गाड्यांबद्दल त्यांची मतं पक्की झालेली. 'इटलीची गाडी म्हंजे थोरला जावई. देखणा, पण दर दोन दिवसाला रुसतो. जर्मन गाडी म्हंजे हेडमास्तर. अन् जपानी म्हंजे सून. बोलत न्हाई, नुसती राबते.' मी म्हटलं, 'भाऊजी, न बोलणारी सून कुठं मिळते तेवढं सांगा, आपण दोघं जाऊन बघून येऊ.'

त्यांची स्वतःची गाडी लाल, पेट्रोलवरची, बरीच जुनी. तिचा सायलेन्सर त्यांनी बदलून घेतला होता, त्यामुळं ती गल्लीत शिरली की माझ्या फळीवरच्या पितळी वाट्या बोलायला लागायच्या. स्प्रिंगाही कडक बसवल्या होत्या. का, तर 'रस्ता अंगाला कळला पाहिजे.' आमच्या गावचा रस्ता अंगाला आणखी किती कळायचा, देव जाणे.

अशा माणसाच्या दारात माझा नांदेडचा जावई विजेवरची गाडी घेऊन आला. बाबारावांनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. 'करा सुरू.'

'सुरूच आहे, काका.'

बाबारावांनी बॉनेटवर तळहात ठेवला. डोळे मिटले. नाडी सापडली नाही. 'हिच्यापेक्षा आमचा मिक्सर बरा,' ते म्हणाले, 'चालू हाय का बंद, एवढं तरी सांगतो.' त्या दिवसापासून आमच्या जावयाच्या गाडीचं नाव मिक्सर.

आता सुमनचं सांगते. तिच्या किडन्या गेल्या, त्याला वर्ष होऊन गेलं. आठवड्यातून तीनदा नांदेडला डायलिसिस. बाबारावांनी एकदाही दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं नाही. लाल गाडी पुसून, शेजारच्या सीटवर उशी ठेवून, स्वतः न्यायचे अन् आणायचे. त्यांना वाटायचं, आपण बायकोला राणीसारखं नेतो.

सुमन मला एकदा दाण्याचं कूट मागायला आली अन् तिथंच खाली बसली. 'आक्का, जाताना काही वाटत न्हाई. येताना मात्र अंगात जीव नसतो, डोकं फुटून राहिलेलं असतं, अन् त्यात ती गाडी. डब्यात हाडं घालून कुणी हलवावीत तसं होतं. डोळा लागत न्हाई.'

'मग सांग की त्यांना.'

'न्हाई. तुम्हीबी सांगू नका. मी आजारी पडल्यापासून त्या माणसाला त्या गाडीशिवाय दुसरं काय गोड हाय?'

मी नाही सांगितलं. पोटात ठेवलं.

एका गुरुवारी निघायच्या वेळेला लाल गाडीची क्लच केबल तुटली. जावई आलेला होता, म्हणाला, 'चला, मी नेतो.' सोबतीला मीही बसले. येताना बाबाराव पुढं बसून खोड्या काढत होते. 'हा टीव्ही कशाला? गिअर कुठाय? पाय नुसता ठेवायचा, मग ड्रायव्हर कशाला पाहिजे?' मागून सुमनचा टोला यायला हवा होता, तो आला नाही. त्यांनी वळून पाहिलं. सुमन माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. तोंड जरासं उघडं, लहान लेकरासारखं.

अर्धापूर येईपर्यंत बाबाराव मान वळवून मागंच बघत बसले. जावयानं घाबरून विचारलं, 'काका, एसी कमी करू का?'

पुढच्या महिन्यात त्यांच्या दारात पांढरी, विजेवरची गाडी उभी. लाल गाडी उदगीरचा कुणी हौशी माणूस घेऊन गेला. ती गल्लीचं वळण घेत होती तेव्हा बाबाराव पाठमोरे उभे राहून नळावर तोंड धुऊन राहिले होते. बराच वेळ धुतलं.

गावानं सोडलं नाही. 'काय बाबाराव, मिक्सर आणला म्हणे!'

'पिकअप बघा पिकअप! पाय ठेवला की सगळा जोर एकदम चाकावर. शून्य ते शंभर आठ सेकंद. म्हणून घेतली.'

अन् चालवतात किती? चाळीसनं. उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवून पुढं जातात. निघण्याआधी पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवून बसतात, गरम व्हायला. जावयानं समजावलं, हिला त्याची गरज नसते. 'तुम्हाला काय म्हायती,' बाबाराव म्हणाले, 'करंटबी सकाळी आळसावतो.'

परवा मी त्यांच्यासोबत गेले होते. परत आलो, गाडी अंगणात थांबली. सुमन मागच्या सीटवर आडवी, गाढ झोपलेली. मी दाराला हात लावला, तर बाबारावांनी बोटानं खुणावलं. 'असू द्या, वहिनी.' आतली गार हवा चालूच ठेवून ते हळूच उतरले, दार न वाजवता लावलं अन् माझ्याजवळ आले.

'लाल गाडीत ती एकदाबी झोपली न्हाई. तुमच्यापाशी कधी काही बोलली होती?'

'न्हाई हो, भाऊजी. मला कशाला बोलेल?'

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पायातली चप्पल बघत राहिले.

'वरीसभर,' ते म्हणाले. बस, एवढंच.

ऊन सरकून काचेतून सुमनच्या तोंडावर आलं होतं. बाबारावांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उलगडला अन् बाहेरून काचेवर धरून उभे राहिले. मी आत जाऊन चहा टाकला. कप घेऊन आले तेव्हा ते तिथंच होते, फक्त हात बदलला होता.