अकरा माणसं आणि माझा एकटीचा फोन

चौदा वर्षांत मी कुणावर आवाज चढवलेला नाही! हे मी अगदी ताठ मानेनं सांगत असे. पहाटे दिवा लावायचा, सात ते आठ मौन पाळायचं, खोटं बोलायचं नाही आणि कुणाला टाकून बोलायचं नाही, हे माझे रोजचे नेम. जाऊबाईंनी माझी नवीकोरी साडी इस्त्रीनं जाळली, तेव्हासुद्धा मी "असू दे" एवढंच म्हणाले. तेव्हा मला राग आणणं येरागबाळ्याचं काम नाही. त्यासाठी अख्खं ऑफिस लागतं!

आमचं ऑफिस लिफ्ट-दुरुस्तीचं. एकतीस माणसं, आणि सगळी आलटूनपालटून घरून काम करणारी. घरच्या संगणकातून ऑफिसच्या संगणकात शिरायला व्हीपीएन नावाची एक बंदिस्त वाट असते. तिच्या दाराची राखण माझ्याकडे. एक दिवस वरून फर्मान आलं: नुसता पासवर्ड आता पुरे नाही. प्रत्येकानं आपापल्या फोनवर एक ॲप घ्यायचं, त्यात दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी नंबर दिसतो, तो घातल्याशिवाय आत प्रवेश नाही! महिनाअखेरीस तपासनीस बाई येणार. त्यांचं समाधान झालं तर घरून काम चालू, नाही तर सगळे एकजात ऑफिसात.

ऑफिस घरापासून दोन बस लांब. सात वाजता मी बसच्या दांड्याला लोंबकळत असेन तर मौन कुठलं आणि शांतता कुठली? पण म्हटलं, घाबरायचं काय! एकतीस माणसं, पाच दिवस. हां हां म्हणता उरकते!

वीस जणांचं उरकलंही. संगणकावर ठिपक्यांचं चौकोनी चित्र येतं, फोननं त्याचा फोटो घ्यायचा, झालं! लहान मूलसुद्धा करील. पण उरलेली अकरा माणसं लहान मुलं नव्हती ना!

"ताई, फोनमध्ये जागाच नाही हो," लिफ्टच्या तक्रारी नोंदवून घेणारी म्हणाली. "मुलीच्या नाचाचे व्हिडिओ आहेत."

"मग त्यातले दोन काढ ना."

"तुम्हाला आईचं काळीज नाही का हो, ताई?"

हेडक्लार्क काकांचा फोन बायकोकडे असायचा आणि बायको माहेरी. आणि साहेब? साहेबांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि म्हणाले, "हे पोरखेळ मला सांगू नका. माझं तुमच्या फोनवर टाका. तुम्ही आहात ना!"

तुम्ही आहात ना! या तीन शब्दांनी माझ्या आयुष्याचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं शत्रूनंही केलं नसतं. मी "नाही" म्हणाले, पण माझं "नाही" इतकं मऊ असतं, की समोरचा त्यावर उशी समजून डोकं टेकतो! साहेबांचं माझ्या फोनवर गेलं. तासाभरात सगळ्यांना कळलं. "साहेबांचं करता, मग आम्ही काय घोडं मारलंय?" करता करता अकराही जण माझ्या फोनमध्ये येऊन बसले. सगळ्या ओळींवर ऑफिसचंच नाव, एकाखाली एक. मला क्रम पाठ होता: काका तिसरे, साहेब सातवे.

त्या दिवसापासून माझा फोन म्हणजे गावची पाणपोई झाला.

"ताई, नंबर!"

"चार, नऊ, शून्य…"

"थांबा हो, चष्मा घालतो. हं. सांगा."

"आता तो बदलला, काका."

"असा कसा बदलला? आत्ताच तर सांगत होता!"

अंघोळीला जाताना नंबर, जेवताना नंबर. माझी फणफण व्हायची, पण वरून गोड. "हो हो, सांगते ना." आत मात्र उकळी फुटलेली, आणि झाकण मीच दाबून धरलेलं!

तपासणीचा दिवस उजाडला. बाई दहाला येणार होत्या. मी दिवा लावला, नेहमीसारखा फोन स्वयंपाकघरातल्या कपाटात बंद केला आणि मौनात बसले. साडेसातला कपाट थरथरायला लागलं. थरथर थांबेना. शेवटी आमचे हे फोन घेऊन धावत आले.

"अगं, तुझे साहेब लिफ्टमध्ये अडकलेत!"

मी डोळे उघडले.

"आपल्याच ऑफिसच्या लिफ्टमध्ये! तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे! आणि बरोबर त्या तपासनीस बाई आहेत. अचानक बघायचं म्हणून लवकर आल्या!"

यांनी स्पीकर लावला. "ताई!" साहेब किंचाळले. "आज पाळीवर कुठला मेकॅनिक आहे ते यादीत आहे, यादी संगणकात आहे आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर आहे! नंबर द्या!"

"साहेब, हिचं मौन आहे," हे म्हणाले. "पण खुणा चालतात. मी सांगतो."

मी सात बोटं दाखवली. सातवी ओळ, इतकं सोपं!

"सात!" हे ओरडले. "साहेब, सात!"

"सात काय? सहा आकडे लागतात!"

"पुढे काय गं?"

मी मान हलवली, फोनकडे बोट केलं, पुन्हा सात बोटं नाचवली. "पुन्हा सात! साहेब, सात-सात!" मी कपाळावर हात मारला. "शून्य म्हणतेय बहुतेक!" मग यांनी स्वतःची अक्कल चालवून वरून एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीचा नंबर चुकला. दुसरीचा चुकला. पाचव्यांदा चुकल्यावर साहेबांचं खातंच बंद पडलं! आता ते उघडणार फक्त मी, माझ्या संगणकावरून.

घड्याळात सात बेचाळीस. अठरा मिनिटं राहिली होती. देवा, मी खरंच सांगते, मी कळ काढली असती. खुणांनीच यांना बाजूला सारून मी मुकाट्यानं संगणक उघडत होते. तेवढ्यात फोनमधून साहेबांचा आवाज आला, बाईंना उद्देशून, लोणी लावलेला:

"बघा ना बाई, मी सगळ्यांना बजावलं होतं, आपापल्या फोनवर घ्या म्हणून. ह्या ताईंनीच सगळ्यांचे नंबर स्वतःकडे दाबून ठेवलेत!"

झाकण उडालं.

"साहेब!!" शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं. "मी दाबून ठेवलेत? पोरखेळ कोण म्हणालं? फोन पालथा कुणी घातला? तो आत्ता हातात आहे ना, त्याच फोनवर एक ॲप घ्यायला तुमची बोटं झिजत होती काय? महिनाभर मी घासागणिक उठून नंबर सांगते! एकाला चष्मा सापडत नाही, एकीला नाच पुसवत नाही, आणि तुम्ही? लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी, आणि स्वतःची लिफ्ट धड नाही! बसा तिथेच!"

आमचे हे भिंतीला चिकटले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला नीट बघितलं असावं.

लिफ्टमधून बाईंचा बारीक आवाज आला. "ताई, अकरा जणांचे नंबर खरंच तुमच्याकडे आहेत?"

खोटं बोलायचं नाही. "हो."

"आणि त्यांना नाही म्हणायचं काम कुणाचं होतं?"

खोटं बोलायचं नाही! "माझं," मी म्हणाले. हा शब्द मात्र माझ्या नेहमीच्या आवाजात निघाला.

साहेबांचं खातं मी उघडून दिलं, सातव्या ओळीचा नंबर सांगितला. यादी उघडली. पाळीवरचा मेकॅनिक तळमजल्यावर चहा पीत बसला होता! लिफ्टमधूनच जोरात हाक मारली असती तरी वर आला असता.

आठ दिवसांनी बाईंचा निर्णय आला. अकराही जणांनी आपल्या हातानं, आपल्या फोनवर ॲप घ्यावं. घरून काम सर्वांचं चालू राहील. फक्त दाराची राखण करणारी व्यक्ती दाराशीच असावी, तिनं रोज साडेसातला ऑफिसात हजर राहावं.

म्हणजे तीस माणसं घरी, आणि मी दोन बस बदलून रिकाम्या ऑफिसात! मौन मी आता बसमध्ये पाळते, उभ्यानं, दांड्याला धरून. डोळे मिटलेले, ओठ हलत असतात. परवा एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "किती शांत बाई आहे, बघ. सारखा जप चालू असतो."

जप कसला! देवाची क्षमा मागून सांगते, एकेका सहकाऱ्याचं नाव घेते, आणि पुढे जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.