गंगारामाचा राजीनामा

परशुरामशेटच्या कौलांच्या वखारीत गंगाराम अकरा वर्षं कारकून होता. मुंबईच्या गिरणीत मेहुण्याने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि पावसाळ्याआधीची शेवटची बोट त्याच संध्याकाळी मालवणहून सुटायची होती. ती चुकली की जागाही गेली. त्याने शुद्ध मराठीत लिहिलेला राजीनामा शेटच्या पुढे ठेवला. बायको, जानकी, ट्रंक घेऊन दारातच उभी होती; नवऱ्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

शेटनी कागद वाचला. "बरा झाला, जा. पण देवाक सांगल्याशिवाय जाव नको. नारळ आणा रे."

शेट गावचे मानकरी. गाऱ्हाणं घालण्यात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालण्यात, त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. प्रत्येक मागण्याला होकार भरायला हमाल गोळा झाले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो गंगाराम मुंबैक चललो आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेका थंय बरी खोली मिळांदे."

"व्हय म्हाराजा."

"आणि माझी कौलां संपासर तेका हंयच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज गंगारामाचा होता.

गाऱ्हाणं कानावर पडलं की मालवणी जीभ डोक्याला विचारत बसत नाही. गंगाराम पांढराफटक पडला. कौलं संपेपर्यंत इथेच राहायचा शब्द देवासमोर गेला होता.

शेट समाधानाने नारळ फोडायला वाकले, तेवढ्यात जानकी पुढे झाली. "आणि म्हाराजा, आजच्या बोटीन तेका मुंबैक पोचव."

"व्हय म्हाराजा." या वेळी सगळ्यात मोठा आवाज शेटचा होता.

शेट मटकन कौलांवर बसले. दोन्ही शब्द देवाला दिलेले, एकही मोडायची सोय नाही. एका हमालाने गंगारामाच्या बदली त्याचं धोतर वखारीत ठेवून घ्यावं असं सुचवलं. जानकीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो कौलं मोजायला निघून गेला.

शेवटी शेटनी राजीनामा फाडला. "तू बोटीन जा. माझ्या हजेरीबुकात तू हंयच आसंस."

गंगाराम गेला. शेट रोज सकाळी त्याच्या नावापुढे 'हजर' लिहीत. कौलं संपत आली की नवा माल येई, त्यामुळे लिहिणं काही थांबेना.

शिमग्याला गंगाराम गावी आला आणि भर बाजारात शेटच्या समोर उभा राहिला. शेट चांगलेच तापले.

"धा म्हयने तुझो एक खाडो नाय, आणि आज कामाच्या टायमाक बाजारात फिरतंस?"

गंगारामाने खाली मान घालून तिथेच आठ दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. शेटनी तो नामंजूर केला.